विजेची गाडी वाटून घेताना : आधी वही, मग कर्ज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. ओघात आलेला थोडा फापटपसारा काढून टाकला आहे.)



रौप्यमहोत्सवाच्या दिवशी जुन्या आठवणी सांगायच्या असतात. त्या सांगणारे माझ्याआधी दोघे बोलले आणि चांगलं बोलले. मी समितीकडून वेगळा विषय मागून घेतला, कारण येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येणार आहे आणि त्यावर जिन्यात, गच्चीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय चाललंय ते मी ऐकतो आहे.

आपल्याच सोसायटीतल्या दोन मुलांना एक व्यवसाय सुरू करायचा आहे. विजेची मोटार घ्यायची आणि ती अनेक घरांनी वाटून वापरायची. ज्याला जेव्हा लागेल तेव्हा त्याने घ्यायची आणि वापरापुरते पैसे द्यायचे. आधी पेण, मग रोहा, मग पुढे. सोसायटीकडून त्यांना हवी आहे पार्किंगची एक जागा आणि चार्जिंगचा एक पॉइंट. काही सभासद म्हणतात, आपलीच मुलं आहेत, देऊन टाका. काही म्हणतात, आज एक जागा देऊ, उद्या आवाराचा टॅक्सी स्टँड होईल. मुलं माझ्याकडे कर्जाबद्दल विचारायला आली होती. बँकेत आयुष्य गेलेला माणूस म्हणजे कर्जाचा वैद्य, असा लोकांचा समज असतो. त्यांना जे सांगितलं तेच जरा विस्ताराने आज सांगतो.

पहिली गोष्ट, कल्पना खुळी नाही. कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता आपल्या आवारात उभे राहा. निम्म्याहून जास्त गाड्या हललेल्याच नसतात. काहींवर तर कव्हर असतं आणि कव्हरवर मांजर. मालक मुंबईला किंवा पुण्याला, गाडी इथे. हप्ता चालू, विमा चालू, घसारा चालू. आणि दुसरीकडे आपल्यातलीच कितीतरी घरं अशी आहेत, की मुलं लांब आणि घरात दोन म्हातारी माणसं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पनवेलला जायचं, सिव्हिल हॉस्पिटलला अलिबागला जायचं, तर चार ठिकाणी फोन फिरवावे लागतात. एका बाजूला उभी गाडी, दुसऱ्या बाजूला उभा माणूस. या दोघांची गाठ घालणं हा व्यवसाय होऊ शकतो.

आणि हे जगात कुणी केलंच नाही असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली स्टान्स नावाच्या छोट्या गावात मूठभर लोकांनी मिळून एक गाडी वाटून घ्यायला सुरुवात केली. त्यांनी त्यासाठी काढली सहकारी संस्था! त्याच वर्षी झुरिकमध्ये तशीच दुसरी संस्था निघाली. १९९७ साली दोन्ही एकत्र आल्या आणि ‘मोबिलिटी’ ही मोठी सहकारी संस्था झाली. आज तिच्याकडे सुमारे तीन हजार गाड्या आहेत. म्हणजे सहकार हा फक्त साखर कारखान्याचा आणि पतपेढीचा विषय आहे, असं समजायचं कारण नाही.

आता मुलांनी मला एक इंग्रजी शब्द सांगितला, ‘लीन स्टार्टअप’. एरिक रीस नावाच्या अमेरिकन उद्योजकाचं या नावाचं पुस्तक २०११ साली आलं. लीन म्हणजे अंगावर चरबी नसलेला. मूळ विचार जपानच्या टोयोटा कारखान्यातला. नासाडी करू नका, माल पडून ठेवू नका, चूक जिथे होते तिथेच पकडा. रीसने तो नव्या धंद्याला लावला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : नवा धंदा काढणाऱ्याला वाटत असतं की गिऱ्हाइकाला काय हवं ते आपल्याला माहीत आहे. प्रत्यक्षात तो अंदाज असतो. म्हणून अंदाज तपासण्यापुरती, कामचलाऊ अशी पहिली वस्तू बनवा, ती गिऱ्हाइकापुढे ठेवा, काय होतं ते मोजा, त्यातून शिका, आणि मग ठरवा, की पुढे जायचं, दिशा बदलायची की थांबायचं.

पेणकरांना यात नवीन काय आहे? आपल्या हमरापूर-जोह्याचे गणपतीचे कारखानदार कर्जाला यायचे तेव्हा मी त्यांच्याशी बोलत बसायचो. नवा साचा काढला की शहाणा कारखानदार त्याच वर्षी शेकड्यांनी मूर्ती ओतत नाही. थोड्या काढतो, व्यापाऱ्यांना कच्च्या दाखवतो, मागणी आली की मग माल. ज्याने पहिल्याच वर्षी गोदाम भरलं, त्याचं खातं विसर्जनानंतर काय बोलतं ते आम्ही बघितलं आहे. गणपती उरले तर पुढच्या भाद्रपदापर्यंत जागा, व्याज आणि काळजी. रीसच्या पुस्तकाला एवढीच जोड द्यायची, की आपण जे अनुभवाने आणि अंगवळणाने करतो ते त्याने कागदावर, आकड्यांनिशी करायला सांगितलं आहे. आकडा आधी लिहायचा. किती आलं तर पुढे जाऊ आणि किती आलं तर बंद करू, हे सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवायचं. नंतर ठरवायला बसलं, की माणूस स्वतःला हवा तसा हिशेब लावतो.

हे न करता मोठी उडी मारली तर काय होतं? आपल्या राज्यातलं उदाहरण आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात ओला कंपनीने विजेच्या वाहनांचा मोठा प्रकल्प सुरू केला. उद्घाटनाला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि तेव्हाचेही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते. टॅक्सी, रिक्षा, बस मिळून दोनशे वाहनं, त्यांत महिंद्रच्या छोट्या विजेच्या मोटारी. हेतू चांगला, पैसा होता, सरकार पाठीशी होतं. वर्षभरात बातम्या आल्या त्या चालकांच्या नाराजीच्या. चार्जिंगला रांगेत तासन्‌तास जातात, तेवढ्या वेळात भाडं बुडतं. कित्येकांनी विजेची गाडी परत करून पुन्हा डिझेल धरायचं ठरवलं. एका चार्जिंग स्टेशनमुळे रस्त्यावर गर्दी होते म्हणून आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला आणि ते बंद करावं लागलं. हे शेवटचं वाक्य आपल्या समितीने नीट ऐकावं, आणि मुलांनीही. गाडीत काही खोट नव्हती. पण चालकाचा तास किती रुपयांचा, आणि शेजाऱ्यांना ते चालेल का, हे प्रश्न दहा गाड्यांवर विचारता आले असते.

पॅरिसमध्येही असंच झालं. २०११ च्या डिसेंबरात ‘ऑटोलिब’ नावाने विजेच्या मोटारी वाटून वापरायची योजना सुरू झाली. पुढे सुमारे चार हजार गाड्या रस्त्यावर होत्या, सभासद भरपूर होते, जगभर कौतुक झालं. ३१ जुलै २०१८ ला ती बंद पडली. तोटा कुणी सोसायचा यावरून चालवणारी कंपनी आणि नगरपालिका यांच्यात वाद झाला. लोकप्रिय असणं आणि परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण बँकवाल्याला खरी झोप उडवणारी गोष्ट आहे ती ब्लूस्मार्टची. त्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. २०१९ साली दिल्ली-गुरुग्राममध्ये ही कंपनी सुरू झाली. सगळ्या टॅक्सी विजेच्या, चालक नम्र, गाडी स्वच्छ. माझ्या ओळखीचे जे जे त्यात बसले ते खूश होते. गाड्या कंपनीच्या स्वतःच्या नव्हत्या, पुष्कळशा जेनसोल इंजिनीअरिंग या संबंधित कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या. आणि जेनसोलने त्यासाठी कर्ज काढलं होतं ते इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी वित्तसंस्थांकडून.

१५ एप्रिल २०२५ रोजी सेबीने जेनसोलबद्दल अंतरिम आदेश काढला. त्यातले आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत, कारण शाखेत नव्याने लागलेल्या पोराला कर्ज शिकवायचं तर यापेक्षा चांगला धडा नाही. ६,४०० गाड्या घेण्यासाठी मिळालेलं कर्ज ६६३.८९ कोटी. नियमाप्रमाणे कर्जदाराने स्वतःचे वीस टक्के घालायचे. म्हणजे गाड्यांवर एकूण सुमारे ८३० कोटी खर्च व्हायला हवे होते. प्रत्यक्षात घेतल्या ४,७०४ गाड्या, ५६७.७३ कोटींच्या. मधले सुमारे २६२ कोटी कुठे गेले याचा हिशेब लागत नाही, असं आदेशात म्हटलं आहे. काही रक्कम फिरत फिरत गुरुग्राममधल्या एका आलिशान फ्लॅटच्या खरेदीपर्यंत पोचल्याचंही त्यात नोंदलं आहे. दुसऱ्याच दिवसापासून ब्लूस्मार्टची सेवा थांबली. हजारो चालक एका रात्रीत बिनकामाचे झाले. आदेश अंतरिम होता, पुढची चौकशी त्या त्या ठिकाणी. मला त्यातून एवढंच दाखवायचं आहे, की प्रवासी समाधानी असताना, गाड्या धावत असताना धंदा आतून पोकळ असू शकतो. आम्ही शाखेत विचारायचो, ट्रॅक्टरला कर्ज दिलं ना, मग ट्रॅक्टर दाखव. चासी नंबर मिळवून बघायचो. लोक हसायचे. म्हणायचे, साहेबांना विश्वास नाही.

विश्वासाचा विषय पेणमध्ये कुणी कुणाला समजावून सांगायला नको. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले, बोगस कर्जखाती बाहेर आली, आणि ठेवीदारांच्या रांगा या गावाने बघितल्या. या सभागृहातही असे सभासद आहेत ज्यांनी ते सोसलं. म्हणून मुलांना मी पहिली अट घातली. शेजाऱ्यांकडून ‘ठेव’ म्हणून एक रुपया घ्यायचा नाही. व्याज देऊ, दुप्पट करून देऊ, गाडी आली की वाटा देऊ, काही नाही. २०१९ च्या कायद्याने असल्या अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीच आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. गाडी वापरली तर भाड्याचे पैसे द्या, पावती घ्या, विषय संपला. आणि समितीला माझी विनंती, सिंकिंग फंडाला कुणी हात लावायचा नाही. तो छपराचा आणि पाण्याच्या टाकीचा पैसा आहे. टॅक्सी चालवणं हे गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीतलं काम नव्हे. धंदा मुलांचा, जोखीम मुलांची.

आता मुलांची मूळ कल्पना काय होती? मोबाइलवर अ‍ॅप, अ‍ॅपवर गाडी उघडायची, स्वतः चालवत न्यायची आणि परत आणून लावायची. बेंगळुरूला झूमकार कंपनीने २०१३ साली सात गाड्यांवर असंच सुरू केलं होतं, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, छान. कायदा वाचलात का? १९८९ ची केंद्र सरकारची ‘रेंट अ कॅब’ योजना आहे. स्वतः चालवायला गाडी भाड्याने देण्याचा परवाना हवा असेल तर अर्जदाराकडे किमान पन्नास गाड्या असायला हव्यात. बघा गंमत. पुस्तक सांगतं एका गाडीपासून सुरू करा, कायदा सांगतो पन्नास आणा मग बोलू. मग कुणी म्हणतं, घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीवर गुपचूप करू. ते तर अजिबात करू नका. खासगी गाडी भाड्याने फिरवली तर मोटार वाहन कायद्याचा भंग होतो, आणि खासगी विम्याच्या पॉलिसीत ‘भाड्यासाठी वापर’ वगळलेला असतो. वडखळ नाक्यावर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील आणि गाडीमालकाचं घर जाईल.

कायद्याने एक वाट बंद केली, दुसरी गिऱ्हाइकांनीच बंद केली. मी मुलांना म्हटलं, आधी तीस घरांत जा. पण ‘अशी सेवा आली तर वापराल का’ असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात, आपल्याकडे समोर बसलेल्या मुलाला नाही म्हणायची पद्धत नाही. विचारा, गेल्या महिन्यात गावाबाहेर किती वेळा गेलात, कुठे, कशाने, किती पैसे दिले. झालेल्या गोष्टीबद्दल माणूस खोटं बोलत नाही. मुलं गेली, वही भरून आणली. बी विंगमधल्या एका आजींनी तर त्यांची विकेटच काढली. म्हणाल्या, “अरे, मला गाडी चालवता येत नाही, तुझ्या मोबाइलवरून गाडी उघडून मी काय तिच्यात बसून राहू?” ज्यांना गरज जास्त त्यांना चालवता येत नाही, आणि ज्यांना चालवता येतं त्यांच्याकडे गाडी आहे. वहीतून निघालेल्या गरजा म्हणजे डॉक्टर, लग्नकार्य, रोह्याला किंवा अलिबागला नातेवाइकांकडे, आणि विमानतळ. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच डिसेंबरात विमानं उडू लागली, त्यामुळे मुला-नातवंडांना आणायला जाणं आता सहार-सांताक्रूझपेक्षा जवळ झालंय, पण वेळा मात्र अडनिड्या. थोडक्यात, चालकासकट गाडी हवी. पुस्तकातल्या भाषेत याला ‘पिव्हट’ म्हणतात. पाय तिथेच ठेवून अंग वळवायचं.

चालकासकट म्हटलं की कायदा थोडा सोपा होतो. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राने विजेवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांना परमिटमधून सूट दिली. गाडीची नोंदणी मात्र व्यावसायिकच हवी, म्हणजे हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, फिटनेस आणि त्या वापराचा विमा. सीटप्रमाणे भाडं घेत रस्त्यात माणसं भरणं हे वेगळं प्रकरण, त्यात पडायचं नाही. अख्खी गाडी ठरवायची, आणि तिघे मिळून पनवेलला जात असतील तर खर्च त्यांनी आपसांत वाटून घ्यायचा.

आता आकडेमोड. कंटाळू नका, दोन मिनिटं. दहा लाखांची छोटी विजेची मोटार धरा. दोन लाख स्वतःचे, आठ लाख कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता महिन्याला सतरा हजार. विमा, दुरुस्ती, धुणं-पुसणं यांचे पाच हजार धरा. चालकाला पंधरा हजार. झाले सदतीस हजार, गाडी हलो न हलो. वीज आणि टायर मिळून किलोमीटरला दोन रुपये धरू. भाडं पंधरा रुपये किलोमीटर घेतलं तर हातात उरतात तेरा. सदतीस हजाराला तेराने भागा, येतात साधारण २,८५० किलोमीटर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोज एकशे दहा, आणि तेही पैसे देणाऱ्या प्रवाशाचे, रिकामे परत येतानाचे नव्हेत. पेण-रोहा जाऊन येऊन ऐंशीच्या आसपास होतात. म्हणजे रोज एक रोहा आणि वर वडखळ-नागोठण्याची एखादी फेरी, तेही सोमवार ते शनिवार, बारा महिने. तेव्हा कुठे गाडी स्वतःचं पोट भरते. मुलांच्या हातात अजून शून्य.

इथे वाटून वापरण्याच्या धंद्यातली खरी मेख येते. सोसायटीतल्या सगळ्यांना गाडी एकाच वेळी लागते. रविवारी लागते, लग्नाच्या मुहूर्ताला लागते, गणपतीत तर विचारू नका. त्या दिवशी पाच गाड्याही पुरणार नाहीत. आणि मंगळवारी दुपारी एकही नको. गाडी मोठी किंवा महाग असल्याने धंदे बुडत नाहीत एवढे या मंगळवारने बुडतात. यावर मला रोहा सुचतं. माझी काही वर्षं रोह्याच्या शाखेत गेली आहेत. (रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं रोह्याशी नातं, त्यामुळे तिथल्या शाखेत बसायला मला उगाचच बरं वाटायचं.) धाटावच्या कारखान्यांत पाळ्या चालतात. प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या वारी, रात्रपाळीवाला दुपारी मोकळा. त्याची दवाखाना-बाजाराची कामं मधल्या वारी निघतात. पेणचा रविवार आणि रोह्याचा मंगळवार जुळले तरच ते एकशे दहा किलोमीटर भरतील. जुळतील का? मला वाटतं जुळतील. पण हेही मला वाटतं एवढंच आहे, म्हणून ते तपासायला हवं.

तर तपासायचं कसं? इथे माझं आणि मुलांचं थोडं वाजलं. त्यांना आधी गाडी हवी होती. मी म्हटलं, पहिल्या दीड महिन्यात विजेची गाडीही नको आणि चार्जरही नको. तुमच्यासमोर दोन प्रश्न आहेत. लोक गाडी वाटून वापरतील का, हा एक, आणि ती विजेवर चालवणं इथे जमेल का, हा दुसरा. दोन्ही एकदम विचारलेत तर फसल्यावर कशामुळे फसलं हे कळणार नाही. स्टँडवरच्या एखाद्या सज्जन टॅक्सीवाल्याची रीतसर टुरिस्ट गाडी घ्या, सीएनजीची असली तरी चालेल. आठवड्याचे तीन दिवस, रोजाचा दर ठरवून. अ‍ॅप नको. एक फोन नंबर आणि एक वही पुरे. कोण, कुठे, किती किलोमीटर, किती पैसे, परत बोलावलं का. अ‍ॅप करायला जेवढे पैसे लागतील त्यात हे सगळं भागेल.

टॅक्सीवाल्याचंच नाव मी मुद्दाम घेतलं. आपल्या रायगडात सहा आसनी मिनिडोअर-विक्रमवर किती घरं चालतात ते आपल्याला माहीत आहे. नवी गाडी आली की पहिला प्रश्न त्यांचा असणार, आमच्या पोटाचं काय? आपल्याच जिल्ह्यात माथेरानला हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे मोटारींना बंदी, माणसं माणसांना हातरिक्षात बसवून ओढत होती. न्यायालयाच्या परवानगीने ५ डिसेंबर २०२२ पासून तीन महिने सात ई-रिक्षांची चाचणी झाली. सातच गाड्या, तीनच महिने. दस्तुरी नाक्यापासून आत जायला पस्तीस रुपये, शाळेच्या मुलांना पाच. लोकांना त्या हव्यात हे लगेच दिसलं. पण गाड्या कुणाच्या हातात द्यायच्या, हा प्रश्न न्यायालयात चालूच राहिला. २०२४ साली न्यायालयाने सांगितलं, ई-रिक्षा आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्याच लोकांना ई-रिक्षा देण्याची योजना करायला सरकारला बजावलं. आमच्या मुलांचा व्यवसाय उभा राहिलाच, तर त्यातला चालक स्टँडवरचा असावा, बाहेरून आणलेला नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दीड महिना वही नीट भरली तर पुढचा दीड महिना विजेचा. कुणाची तरी विजेची व्यावसायिक गाडी भाड्याने घ्यायची. तेव्हा चार्जिंगचा पॉइंट लागेल. आणि आता सभासदांच्या शंका.

आग लागेल का? २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. आपल्याकडे जास्त धोका आहे तो तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावण्यात. ते काही जण आत्ताही स्कूटरसाठी करतात, मी नाव घेत नाही, वर बघतोय फक्त. पॉइंट द्यायचाच तर परवानाधारक ठेकेदाराकडून, स्वतंत्र वायर, अर्थिंग आणि एमसीबीसह, आणि उघड्या जागेत, जिन्याच्या तोंडाशी नव्हे. बिल कोण भरणार? महावितरणचा चार्जिंगसाठी वेगळा वर्गवारीचा जोड मिळतो. मीटर मुलांच्या नावे, बिल मुलांच्या नावे. सोसायटीच्या कॉमन मीटरला तो लागता कामा नये. घरगुती साध्या सवातीन किलोवॉटच्या चार्जरवर आठ तासांत सव्वीस युनिट जातात, छोट्या मोटारीची बॅटरी रात्रीत भरते. दीडशे किलोमीटर सहज धरा. आपल्याला हवेत एकशे दहा. म्हणजे रस्त्यात कुठे रांग लावायची वेळ येऊ नये, जे नागपूरला झालं ते.

पावसाळ्याची शंका मात्र खरी आहे आणि तिला माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर जिल्ह्यात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. एरवीही जुलैत वीज जाते ती कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. ज्या गाडीच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला हॉस्पिटलला न्यायचं तिला दुसरी सोय हवी. म्हणून चाचणीचा विजेचा भाग मी मुद्दाम जून-जुलैत घ्यायला सांगितला आहे. कोरड्या दिवसांत कुठलीही गाडी गुणाची दिसते. आणि स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याशी करार राहू द्यायचा, वीज नसेल त्या दिवशी त्याची गाडी.

थांबायचं कधी, तो आकडा आम्ही तिघांनी मिळून वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. शेवटच्या महिन्यात गाडी ज्या बारा दिवशी उभी असेल त्यांतल्या किमान आठ दिवशी पैसे देणारे नव्वद किलोमीटर झाले पाहिजेत, आणि किमान वीस घरांनी दोनदा किंवा अधिक वेळा बोलावलं पाहिजे. नव्वद का, तर हळूहळू एकशे दहाला पोचता येईल म्हणून. वीस घरं का, तर एकाच घरातल्या डायलिसिसच्या फेऱ्यांवर सगळा धंदा उभा राहू नये म्हणून. याच्या खाली आलं तर गाडी परत, पॉइंट काढायचा, जागा सोसायटीला मोकळी. वर आलं तर मुलांनी वही घेऊन बँकेत जावं. मॅनेजर नवा असेल, मराठी नसेल, तरी वही त्याला वाचता येईल.

तेव्हा ठरावात दोन दुरुस्त्या मी सुचवतो आहे. जागा आणि पॉइंट कायमचा नको, फक्त विजेच्या दीड महिन्यापुरता, आणि तोही आधीच्या दीड महिन्याची वही समितीने बघितल्यावर. दुसरी, जागेचं भाडं पहिल्या दिवसापासून घ्यावं. आपलीच मुलं आहेत म्हणून फुकट दिलं, तर त्यांचा हिशेब पहिल्याच महिन्यात खोटा होईल.

वहीची एक झेरॉक्स वॉचमनच्या टेबलावर ठेवली आहे, नावं काढून. जेवणाआधी चाळून बघा. ज्यांच्याकडे मुलं अजून आलेली नाहीत त्यांनी शेवटच्या पानावर फ्लॅट नंबर लिहावा. ए विंगच्या वरच्या दोन मजल्यांवर लिफ्ट बंद असल्याने ती पोचलेली नाहीत, असं कळतं. लिफ्टबद्दल सेक्रेटरी बोलतीलच.